सारजाचं शिंगरू

मुलगी माथेरानला घोड्यावर बसून आली आणि आल्या आल्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, आपल्या सारजाला बाळ का नव्हतं?" माथेरानात मोटारींना बंदी, म्हणून तिथे घोड्याच्या जिवावर अजून घरं चालतात, कुणा घोडेवाल्याने तिला आपल्या घोडीचं शिंगरू दाखवलं होतं. फोटोत सारजा आहे आणि तिच्या मानेवर हात टाकून आत्या उभी आहे. सारजाला जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या गेल्या चैत्रात गेली. "अगं, ती म्हातारी झाली होती," असं काहीतरी सांगून मुलीला वाटेला लावलं. खरं उत्तर लांबण लावणारं आहे, आणि त्यात घोडीपेक्षा आमच्या घरातली माणसंच जास्त आहेत. आता आत्याही नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही.

1986 साली गाडी रोह्यापर्यंत धावायला लागली, त्या सुमारास अण्णांचा टांगा पेण स्टेशनवर उभा असायचा. सारजा आली ती या टांग्यासाठी. स्टेशन ते बाजारपेठ, बाजारपेठ ते स्टेशन, आणि श्रावण लागला की गणपतीच्या कारखान्यांच्या फेऱ्या. शाडूची मूर्ती मागे ठेवली की घोडी आपोआप जपून चालते, असं अण्णा गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत. मला तसं कधी दिसलं नाही. अण्णाच लगाम आखडून धरत.

पण एक खोड तिला खरोखरच होती. दिवा-रोहा पॅसेंजरचा भोंगा ऐकला की ती असेल तिथे उलटी फिरायची, पाठ मोकळ्या जागेकडे करायची आणि दोन पावलं मागे सरून थांबायची. मागून टांग्याच्या दांड्या येतील, कुणीतरी साज चढवेल, या हिशेबाने. 1998 साली कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि न थांबणाऱ्या गाड्या पेणवरून धडधडत जायला लागल्या, तेव्हा ती काही दिवस फार गोंधळली. मग त्यातलाही फरक तिला कळला. लांबच्या गाडीला कान हलवायचे, पॅसेंजरला फिरायचं. घरात घड्याळ बंद पडलं तरी अडायचं नाही. घोडी फिरली की आई कुकर लावायची.

टांगा बसला तो मिनिडोअरमुळे. मुंबईत व्हिक्टोरिया बंद व्हायला 2015 साली उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आमच्याकडे कोर्टकचेरीची वेळच आली नाही, मिनिडोअरवाल्यांनी ते काम परस्पर उरकलं. अण्णांनी टांगा भंगाराच्या भावात काढला. घोडी काढली नाही. "टांगा माझा होता, विकला. ती काय माझी आहे?" असं म्हणाले. ते खरंही होतं. खरारा, चंदी, पाणी, रात्री गोठ्यात धूर करणं, सगळं आत्याच करायची.

आत्या ही अण्णांची थोरली बहीण. अष्टमीला दिलेली. अष्टमी म्हणजे कुंडलिकेच्या अलीकडचं, पलीकडे रोहा. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी एका दुपारी एक पिशवी घेऊन ती पॅसेंजरने पेणला उतरली आणि परत गेली नाही. मूल नाही, एवढंच कारण. अण्णांनी तेव्हा शपथ घातली, ते लोक न्यायला येत नाहीत तोवर त्या घराची पायरी चढणार नाही. ते न्यायला आले नाहीत. त्यांनी दुसरी बायको आणली. अण्णांनी शपथ पाळली, आणि ती पाळण्यात आपण बहिणीसाठी काहीतरी करतोय असं त्यांना इतकी वर्षं वाटत राहिलं.

सारजाला शिंगरू व्हावं हे खूळ अण्णांच्या डोक्यात लग्नसराईत शिरलं. नवरदेवाच्या घोडीला पेण-पनवेल पट्ट्यात चांगले पैसे मिळायला लागले होते. घोडी सोळा-सतरा वर्षांची, आणि एकदाही न व्यायलेली. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आधी चार-पाच शिंगरं झालेली म्हातारी घोडी निराळी आणि या वयातली पहिलटकरीण निराळी. गाभण राहणं कठीण, राहिली तर अकरा महिने काढणं कठीण, आणि विताना आतून रक्तस्राव झाला तर हाती काही लागत नाही. अण्णांनी मान डोलावली. घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, बघू."

मग पडवीत रोज तोच विषय. मी तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळा होतो, त्यामुळे सगळं कानावर पडायचं. अण्णा व्यवहाराचं बोलायचे. आजी मात्र धर्माचं बोलायची. "बाईच्या जातीला एकदा तरी कूस उजवायला हवी. नाहीतर जीव घुटमळतो." आत्या चार हातांवर बसून पोहे पाखडत असायची. सूप थांबायचं नाही. एकदा आईने हातातला तांब्या असा काही आपटला की सगळे गप्प झाले, पण दुसऱ्या दिवशी आजीने सुरुवात केली ती तिथूनच. आजी दुष्ट नव्हती. हे वाक्य आपल्या लेकीलाही लागतं, हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. कदाचित घोडीच्या आडून तिला लेकीशीच बोलायचं होतं आणि दुसरं वाक्य सापडत नव्हतं.

सगळ्यांची अपेक्षा, आत्या नको म्हणेल. वैशाखात घोडी माजावर आली, अण्णा कमरेच्या दुखण्याने अंथरुणावर, आणि घोडा रोह्याला. सूप खाली ठेवून आत्या म्हणाली, "मी नेते तिला. पोराला बरोबर द्या."

"रोह्याला? तू?" आजी म्हणाली.

"घोडा तिथे आहे ना?"

सारजा टेम्पोत चढायची नाही. एकदा फळीवरून तिचा पाय घसरला होता, तेव्हापासून टेम्पो म्हटलं की चारी पाय रोवायची. म्हणजे चालत. वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, अष्टमी. ऊन टाळायचं म्हणून दिवेलागणीला निघालो.

वडखळ नाक्यावर ट्रकांची रीघ. डोळ्यांना झापडं बांधलेली, तरी प्रत्येक हॉर्नला तिची कातडी पोटापासून पाठीपर्यंत थरथरायची. आत्या तिच्या रस्त्याकडच्या अंगाला चालत होती, म्हणजे ट्रक आणि घोडी यांच्यामध्ये. मी बाजू बदलू या म्हटलं तर "तू गवताकडून चाल, साप असतात, बघत राहा," म्हणाली. गडबच्या पुढे जरा शांत झालं. नागोठण्याची आयपीसीएलची ज्योत आभाळात दिसायला लागली आणि तांबड्या उजेडात घोडीचे कान काळे कुळकुळीत दिसत होते.

नागोठण्याच्या अलीकडे, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मागून येणाऱ्या ट्रकचा टायर फुटला. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. दोर माझ्या हातात होता. तो तळहातावरची साल घेऊन गेला. नालांच्या ठिणग्या डांबरावर दिसल्या आणि मग काहीच दिसेना. मी ओरडत पळत सुटलो. आत्या जागची हलली नाही. मी धापा टाकत परत आलो तर मैलाच्या दगडावर बसून ती पायातला काटा काढत होती.

"पळालास कुठे? ती काय तुझ्या हाका ऐकून थांबणार होती?"

"मग कुठे शोधायची?"

"गाडी येऊ दे एखादी."

मला तिचा राग आला. तळहात पेटला होता, घोडी गेली, अण्णांना काय सांगायचं, आणि ही गाडीची वाट बघत बसली होती. बऱ्याच वेळाने रुळांवरून एक मालगाडी भोंगा देत हळू झाली. आत्या उठली आणि स्टेशनच्या फाट्याने चालायला लागली.

नागोठणे स्टेशनबाहेर, दिव्याखाली, सारजा उभी होती. पाठ दरवाजाकडे, मान खाली, मागचे पाय जरासे मागे. अंगाला फेस आलेला. दोर पायात गुंतून एका ठिकाणी खरचटलेलं. दांड्या यायची वाट बघत होती. आत्याने तिला लगेच धरलं नाही. "सवारी आली नाही म्हणून कळू दे तिला आधी," म्हणाली. मालगाडी निघून गेली, मग सारजाने आपणहून मान वळवली. आत्याने पदराने तिचं तोंड पुसलं, उरलेल्या पदराची चिंधी फाडून माझ्या तळहाताला बांधली.

तिथून निघून अंबेच्या काठी, जुन्या दगडी पुलाजवळ जरा टेकलो. निजामशाहीतला पूल तो. 1989 च्या जुलैत याच नदीने वर जांभूळपाड्यात हाहाकार केला होता. आत्याने दशमीचं गाठोडं सोडलं. मी धीर करून विचारलं, "आत्या, तुला खरंच हिला शिंगरू हवंय?"

"मला काय हवंय ते विचारायला तूच पहिला." भाकरी मोडून माझ्या डाव्या हातात दिली. "माझी तपासणी सगळ्यांनी केली बघ. सासूने केली, वैद्याने केली, पनवेलच्या डॉक्टरणीने केली, देवऋषाने अंगारे लावले. घोडा कुणी तपासला नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हसली. "खा. खिंड चढायची आहे."

भिसे खिंड उतरून अष्टमीत शिरलो तेव्हा उजाडत होतं. वारा धाटावकडून होता, कारखान्यांचा आंबूस वास. आत्याने पदर डोक्यावरून घेतला. एका घरासमोर तिची चाल मंदावली. मी ते घर कधी पाहिलेलं नव्हतं, पण ओळखलं. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी होती. एक नऊवारी, एक सहावारी, दोन लेंगे, एक सदरा. आत्याने दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. लहान काहीच नव्हतं. तिने घोडीला टिचकी दिली आणि आम्ही पूल ओलांडून रोह्यात गेलो.

घोडेवाला मोठा बोलका. घोडा पांढराशुभ्र, दिसायला देखणा. धाविरमहाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात, त्या वेळी बँड वाजला की हा जागच्या जागी नाचतो, असं त्याने सांगितलं. आत्या घोड्याभोवती फिरली. गुडघे चाचपले, ओठ वर करून दात पाहिले.

"याची शिंगरं किती?"

"ताई, पुष्कळ घोड्या येतात याच्याकडे. पार माणगावहून येतात."

"येतात ते कळलं. शिंगरं किती?"

"आता तसं बघायला गेलं तर… घोड्याच वयस्क आणतात लोक. मग त्या राहत नाहीत."

"म्हणजे एकही नाही."

"ताई, दोष घोडीत असतो."

आत्या घोडेवाल्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडून दोर घेतला, सारजाला फिरवलं आणि गल्लीबाहेर पडली. पुलावर येईपर्यंत ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. दिवसभर आम्ही नदीकाठी झाडाखाली झोपलो आणि रात्री परत चालायला लागलो.

घरी पोचलो तेव्हा आजी उंबऱ्यात. "काय गं बाय, झालं का काम?"

"नाही. खोट घोड्यात आहे."

"असं कसं? एवढा नावाजलेला…"

"एकाही घोडीला राहिलं नाही आजवर. दुसरी आणली तरी नाही." आत्या पाय धुवायला मोरीकडे गेली.

आजीने दाराची चौकट धरली. अण्णा अंथरुणावर उठून बसले होते. घोडीबद्दल त्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही, आणि शिंगराचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. सारजा त्यानंतर बरीच वर्षं जगली. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं, तरी पॅसेंजरला फिरायची. मला वाटतं रुळांची थरथर तिला खुरांतून कळत असावी.

कंबर जरा सरळ झाल्यावर अण्णा एका सकाळी धोतर-टोपी घालून निघाले. कुठे, ते सांगितलं नाही. संध्याकाळी दारात टेम्पो थांबला. आत लोखंडी पायाचं, गंजलेलं शिलाई मशीन होतं. आत्याला माहेरून दिलेलं, अष्टमीत राहिलेलं. अण्णा त्या घराची पायरी चढले होते. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही. त्यांनी आणि मी ते मशीन उतरवून पडवीत ठेवलं. आत्याने पट्टा पाहिला, चाक हाताने एकदा फिरवलं.

"टेम्पोचे किती दिले?" तिने विचारलं.

अण्णांनी सांगितलं.

"टांगा विकला नसता तर तेवढे वाचले असते," आत्या म्हणाली आणि तेलाची बुधली शोधायला आत गेली.