लेकीच्या नावचं शेत

परदेशात नोकरी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं दुबई येईल, नाहीतर अमेरिका. आम्ही उभयतां गेलो ते भूतानला, आणि तेही मास्तरकी करायला. हे गणित शिकवायचे, मी रसायनशास्त्र. तिथल्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या. गणित-विज्ञानाला तेव्हा शिक्षक अपुरे पडायचे, म्हणून आपल्याकडचे शिक्षक करारावर नेत. २००६ च्या फेब्रुवारीत आम्ही गेलो आणि २००९ च्या डिसेंबरात बिऱ्हाड गुंडाळून परत आलो.

प्रवास म्हणाल तर दमवणारा. कराडहून पुणे, पुण्याहून आगगाडीनं हावडा, मग सियालदाहून रातोरात हासीमारा. तिथून जयगाव. जयगावात हद्दीवर एक रंगीत वेस आहे. अलीकडं आपला कलकलाट, भोंगे, चहाच्या टपऱ्या. वेशीपलीकडं फुंतशोलिंग, तिथं सगळं शिस्तीत. आपल्याला व्हिसा लागत नाही, परवाना मिळतो. रुपया चालतो, कारण त्यांचं ङुल्ट्रम आणि आपला रुपया एका किमतीचे. पुढं दिवसभराचा घाट. हा रस्ता १९६० नंतर आपल्याच सीमा रस्ते संघटनेनं बांधला. त्याआधी तिथं खेचरावरून नाहीतर पायी जावं लागे.

आम्ही राहिलो पारोच्या खोऱ्यात, एका शेतकरीणबाईंच्या घरात भाड्यानं. घर मातीच्या जाड भिंतींचं, खिडक्यांना नक्षीदार लाकूड, माळ्यावर वैरण आणि मिरच्या. ऑक्टोबरात सगळ्या गावाची छपरं मिरच्यांनी लाल होतात. आपण मिरची फोडणीला घालतो. ते लोक मिरचीचीच भाजी करतात, चीज घालून. तिला म्हणतात एमा दात्शी. आम्ही कोल्हापूर-सातारकडचे, तिखटाला भिणारे नव्हे, पण पहिल्या घासाला ह्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भात तिथला तांबडा, चवीला गोड. पारो सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवर, तिथं पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ काही केल्या शिजत नाही. कुकर नसता तर आम्ही उपाशी मेलो असतो. वर्गात हा धडा शिकवताना मी आमच्या डाळीचंच उदाहरण द्यायची.

पोरं फार गोड. बोलताना शेवटी ‘ला’ जोडायची, आपण ‘जी’ लावतो तसं. पण भात पोटरीला आला की पहिल्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. रात्रभर रानडुकरं हाकायला मचाणावर जागलेली पोरं ती! हे त्यांना उठवायचे नाहीत. म्हणायचे, “ह्यांची वही नंतर तपासू, आधी डोळा लागू दे.” चांदोली-कोयनेकडच्या माझ्या बहिणींना ही जागल काय असते ते मी सांगायला नको.

आमच्या आधी तिथं शिकवायला गेलेलं एक जोडपं पारोत अजून आदरानं आठवतात. जपानचे केइजी निशिओका १९६४ साली पत्नीसह शेतीतज्ज्ञ म्हणून आले. भाजीपाल्याची नवी वाणं, ओळीत भातलावणी, अशी कामं त्यांनी शेतात उतरून, लोकांच्या कलानं केली. १९८० साली राजानं त्यांना ‘दाशो’ ही मानाची पदवी दिली. १९९२ साली ते भूतानातच वारले. पारोत त्यांचा स्मारक-स्तूप आहे. परक्या मातीत अठ्ठावीस वर्षं! आम्हाला चार वर्षांतच घरची ओढ लागली होती.

सुट्टीत हिंडलो मात्र भरपूर. दोचुला खिंडीत १०८ छोटे स्तूप आहेत. आभाळ निवळलं तर मागं हिमालयाची रांग दिसते. खिंड उतरून पुनाखाला गेलं की फो छू आणि मो छू ह्या दोन नद्यांचा संगम. एक बाप-नदी, एक आई-नदी. आमच्या कराडच्या कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाढलेली मी, तिथं तासभर नुसती बसून राहिले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

२००८ साली घरमालकीणबाईंच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं. वरात नाही, पाठवणी नाही. जावईच कपड्यांची पेटी घेऊन घरी राहायला आला आणि दुसऱ्या दिवशी सासूबरोबर बटाटे खुडायला गेला. मी चकित. बाईंना हिंदी येत होतं. त्या म्हणाल्या, “घर आणि शेत लेकीचं. ती कुठं जाणार?” पश्चिम भूतानात पुष्कळ ठिकाणी जमीन आईकडून लेकीकडं जाते. सगळ्या भूतानात नव्हे. दक्षिणेकडच्या नेपाळी बोलणाऱ्यांत ती मुलग्यांकडंच जाते. मग त्यांनी सहज विचारलं, “तुझी किती जमीन आहे?”

मी म्हटलं, “माझी कुठली? माहेरची भावाची, सासरची ह्यांची.” त्या हसल्या नाहीत. जरा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या.

तिथं बायकांचं राज्य आहे असं मात्र समजू नका. त्याच वर्षी तिथं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ४७ जागांत बाया निवडून आल्या चार. आणि ह्याच बाई एकदा म्हणाल्या, “शेत माझ्या नावावर करायचं होतं म्हणून मला घरी ठेवलं. शाळेत भाऊ गेला.” जमीन बाईला बळ देते तशी खुंट्यालाही बांधते.

त्याच दिवाळीत दादाचा फोन आला. आबा आदल्या वर्षी गेले होते. वारसनोंद होऊन साडेतीन एकर बागायतीच्या सातबाऱ्यावर आम्हा बहीण-भावाची नावं लागली होती. दादा म्हणाला, “सुट्टीत आलीस की हक्कसोडपत्रावर सही करून जा. रीतच आहे.” वडिलार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क आपल्या राज्यानं १९९४ साली दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. पण रीत कायद्याला कुठं ऐकते?

रात्री बुखारीपुढं बसून मी ह्यांना विचारलं. हे बराच वेळ लाकडं सारत होते. मग म्हणाले, “तू सही कर की करू नकोस, हे मी सांगणार नाही. पण तू केली नाहीस, तर वन्संच्या सहीचं काय? १९९८ साली एका साडीवर घेतली आपण.” वाचकहो, नवऱ्याकडून हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

डिसेंबरात गावी आलो. मी दादाला म्हटलं, “ऊस तूच कर, पैसाही तूच घे. माझं नाव मात्र राहू दे.” वहिनी ताटावरून उठून गेल्या. दादा म्हणाला, “शिकून हेच केलंस?” दोन भाऊबिजा मी ओवाळणीचं ताट मांडलं आणि तसंच उचललं. इकडं ह्यांनी वन्संना एक एकराचं बक्षीसपत्र करून दिलं. सासूबाई महिनाभर ह्यांच्याशी बोलल्या नाहीत, माझ्याशी तर त्याहून जास्त.

२०११ साली पुतणीच्या लग्नाचं पहिलं आवतण द्यायला दादा स्वतः आला. जमिनीचं त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. सातबाऱ्यावर आजही दोन नावं आहेत. ऊस दादाच करतो. दर पाडव्याला गुळाच्या दोन ढेपी पाठवतो. पहिल्या वर्षी वहिनींनी चिठ्ठीत लिहिलं होतं: “तुमच्या वाट्याच्या नव्हेत, माहेरच्या म्हणून घ्या.” पुतणीचं नाव मात्र अजून कशावरच नाही. गेल्या महिन्यात तिनंच मला फोन करून विचारलं, “आत्या, वारसनोंदीला कागद कोणकोणते लागतात?”