टाकीचं झाकण उघडण्याआधी

हल्लीच्या पेट्रोल गाड्यांचा फ्युएल पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तेच पेट्रोल त्याला थंड ठेवतं. गोंदियात गाडी चालवणाऱ्याने एवढं तरी मनाशी पक्कं धरावं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्यात नवतपा. रिझर्व्हचा दिवा लागलेला असताना कोहमाऱ्याहून देवरीपर्यंत भर दुपारी जाणं म्हणजे पंपाची मोटर भाजून काढणं. गाडी आधी ओढ सोडते, मग बंद पडते आणि सावलीत थांबली की पुन्हा चालते.

जुन्या प्रीमियर पद्मिनीचा पंप इंजिनावरच असे. तो टाकीतून पेट्रोल ओढून घेई. उन्हात नळीतच वाफ धरे आणि लोक पंपावर ओलं फडकं ठेवून वाट बघत. आताचा विजेचा पंप पेट्रोल पुढे ढकलतो, साधारण ३ बार दाबाने. म्हणजे सुमारे ४४ पौंड, टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त. दाबाखाली पेट्रोलची वाफ सहज होत नाही, पण घरी काम करणाऱ्याला पहिला धोका याच दाबाचा.

नवा पंप आणण्याआधी मी कान लावतो. सेल न मारता नुसती चावी फिरवली की मागून दोनेक सेकंद बारीक गुणगुण यायला हवी. नाही आली, तर आधी फ्यूज, मग रिले, मग कपलरपर्यंत करंट पोहोचतो का ते. शेजारचे काका म्हणतात, “मिस्त्रीले बोलाव ना गा.” ज्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण नाही आणि टाकीच उतरवावी लागते, तिथे काकांचंच ऐकावं.

काम पहाटे, उघड्या अंगणात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड; ती जमिनीलगत पसरते आणि बंद खोलीत साचून राहते. म्हणून जवळचा कूलर बंद, चूल विझलेली. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवायची.

आणि यानंतर लगेच पाना उचलायचा नाही. हा राईस मिलचा मुलूख; कोंड्याची, तुसाची बारीक धूळ सीटखाली थर धरून बसते. झाकणाभोवती ती आधी ब्रशने, मग ओल्या फडक्याने पुसून काढावी, खाचेत बोट फिरवून पाहावं. पंप बदलण्यातलं माझं सर्वांत आवडतं काम हेच. इथे घाई केली तर तीच धूळ टाकीत पडते आणि नव्या पंपाची जाळी पहिल्या दिवसापासून तुंबू लागते.

पंप तिरका करून सावकाश काढावा. फ्लोटचा दांडा वाकला तर काटा कायमचा खोटं सांगतो. पेट्रोलने फुगलेली जुनी ओ-रिंग पुन्हा वापरू नये, ती खाचेत नीट बसतच नाही.

सगळं जोडून झालं की चावी दोन-तीनदा चालू-बंद करून दाब भरू द्यायचा, मग इंजिन सुरू. टॉर्च धरून प्रत्येक जोड बघायचा. सीट मी संध्याकाळीच बसवतो, दिवसभरात पेट्रोलचा वास आला नाही तरच. त्यानंतर पहिली फेरी पेट्रोल पंपावर. उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही.