थर्मोस्टॅट काढल्यानं इंजिन खरंच थंड राहतं का?



उन्हाळी नांगरट सुरू झाली की एक सल्ला गावोगाव फिरतो. ट्रॅक्टर गरम होतंय? थर्मोस्टॅट काढून फेका. कुणी म्हणतं, फेकू नका, कमी डिग्रीचा बसवा. यंदा हाच प्रश्न आमच्या घरात आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा पुतण्या भाड्यानं नांगरट आणि रोटाव्हेटर करतो. ट्रॅक्टरचे हप्ते चालू आहेत. मे महिन्यात आमच्या नांदुरा-मलकापूर पट्ट्यात पारा ४३-४४ वर जातो. दोन तास रोटाव्हेटर चालला की काटा लाल पट्टीकडं सरकायचा. मग बांधावर उभं राहायचं, बोनेट उघडायचं, अर्धा तास गेला. गिऱ्हाईक तोवर दुसऱ्याला फोन लावतं. हंगामच महिना-दीड महिन्याचा, त्यात असे तास गेले तर हप्ता भरायचा कशातून?

त्यानं मोबाईलवर शर्यतीच्या मोटारीवाल्यांचे व्हिडिओ पाहिले. ते लोक ८२ किंवा ८८ अंशाचा थर्मोस्टॅट काढून ७१ अंशाचा बसवतात. मला म्हणे, "काका, आपल्या टॅक्टरले बी ७१ चा बसवू. नाहीतर फिटर म्हणते तसा काढूनच टाकू."

मी म्हटलं, "बाबू, आधी तो करतो काय ते तर पाहू."

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक आपोआप उघडणारं दार. आत मेणाची डबी असते. पाणी तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडतं. पाणी थंड झालं की स्प्रिंग दार लावते. वीज नाही, वायर नाही. त्यावर ८२ छापलं असेल तर ८२ अंशाला ते उघडायला लागतं, आणि आणखी दहा-पंधरा अंश वाढले की पूर्ण उघडतं. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. रेडिएटरला जात नाही, म्हणून इंजिन लवकर तापतं.

आता मुद्द्याचं. पाणी ९५-१०० अंशाला पोचलं तेव्हा ८२ चं दारही पूर्ण उघडं असतं आणि ७१ चंही. दोघांतून सारखंच पाणी जातं. तिथून पुढं इंजिन किती तापेल हे दार ठरवत नाही. रेडिएटर, पंखा, पाणी आणि बाहेरची हवा ठरवते. पाटाचं दार तासभर आधी उघडलं म्हणून पाटाच्या मापापेक्षा जास्त पाणी शेतात येत नाही, तसंच हे. थर्मोस्टॅट खालची हद्द सांभाळतो, इंजिन फार थंड राहू देत नाही. वरची हद्द त्याच्या हातात नाही.

मग मोटारीवाले तो का बसवतात? त्यांचं इंजिन पेट्रोलचं. त्यात ठिणगी पडायच्या आधी किंवा नंतर मिश्रण भलतीकडंच पेटलं तर इंजिन ठोकतं. तापलेल्या इंजिनात हे जास्त होतं, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर टायमिंग मागं घेतो आणि ताकद उतरते. थोडं थंड इंजिन त्यांना कामाचं. तरी जाणकार लोक नुसता थर्मोस्टॅट बदलत नाहीत, रेडिएटर मोठा करतात आणि कॉम्प्युटरची मांडणीही बदलतात.

आपलं डिझेल इंजिन वेगळं. त्यात प्लगची ठिणगी नाही. हवा दाबून तापते, त्यात डिझेलचा फवारा पडतो आणि पेटतो. म्हणजे उष्णता हीच त्याची ठिणगी. लायनर गार राहिले तर कडेचं डिझेल नीट जळत नाही. धूर वाढतो. न जळलेलं डिझेल लायनरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. जळणातून पाण्याची वाफ निघते, ती गार लायनरवर घाम सुटल्यासारखी जमते आणि डिझेलमधल्या गंधकाशी मिळून आम्ल बनतं. ते लायनर आणि रिंगा खातं. हे एका दिवसात दिसत नाही, म्हणून तर सल्ला देणारा मोकळा राहतो.

आमच्या गावात एकानं उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढला तो काढलाच. पुढं डिसेंबरात पहाटे हरभऱ्यावर फवारणी, हलकं काम, काटा कधी वर चढायचाच नाही. तो खूश होता, गाडी गार आहे म्हणून. दुसऱ्या वर्षी ऑइलच्या दांडीला डिझेलचा वास यायला लागला आणि शेवटी इंजिन खोलावं लागलं. लायनर झिजलेले निघाले. सगळा दोष त्या एका कामाचाच असं मी म्हणणार नाही, पण ऐन पेरणीत ट्रॅक्टर खोलून पडलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आणखी एक. काही इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वरचं दार उघडलं की ती आतली जवळची वाट बंद करते. अशा इंजिनातून थर्मोस्टॅट काढला तर ती वाट कायम उघडी राहते. काही गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे गार करायला गेलो आणि उलट जास्त गरम!

मग आम्ही काय केलं? इंजिन पूर्ण गार झाल्यावर थर्मोस्टॅट काढून एका जुन्या भगुण्यात, पाण्यात दोरीनं लटकवला. बुडाला टेकू दिला नाही. सोबत थर्मामीटर धरला. ८२ च्या आसपास दार हललं, ९५ च्या आत पूर्ण उघडलं. म्हणजे तो चांगला होता. तो बंद अवस्थेत अडकला असता तर दोष त्याचा, आणि तेव्हा बदलायलाच पाहिजे, पण त्याच आकड्याचा.

दोष निघाला रेडिएटरमध्ये. बाहेरून जाळीत सोयाबीनचं कुटार आणि धूळ बसलेली. आतून नळ्यांना पांढरा थर. आमच्याकडं पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. बोअरचं पाणी पिकाला चालत नाही म्हणून आपण ईसी तपासतो, आणि तेच पाणी बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततो. आंघोळीच्या बंबात आतून जो थर धरतो तोच तिथंही धरतो. नळ्या अरुंद होतात आणि पाण्याची उष्णता हवेला मिळत नाही. वर फॅन बेल्टही ढिला होता.

खामगावला रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेतल्या, बेल्ट ताणला, झाकणाचं रबर चिरलेलं होतं म्हणून झाकण नवीन टाकलं. झाकणाला हलकं समजू नका. पाणी दाबाखाली उशिरा उकळतं. सात पौंडाचं झाकण नीट बसलं असेल तर उकळी साधारण ११० अंशापर्यंत लांबते. आता काटा मधल्या पट्टीत राहतो. भर दुपारी काळ्या जमिनीत रोटाव्हेटर खोल लावला तर थोडा चढतो, म्हणून पुतण्या पहाटे आणि चारनंतर काम घेतो.

ट्रॅक्टर गरम होत असेल तर या क्रमानं पाहा:

१. जाळी साफ करा. हवा पंख्याच्या बाजूनं पुढं मारा, कचरा जिथून आला तिथूनच बाहेर निघतो. दाब कमी ठेवा, पत्र्या वाकतात.
२. फॅन बेल्ट, होज पाईप आणि झाकण.
३. पाणी. बोअरचं नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, डब्यावर दिलेल्या प्रमाणात.
४. थर्मोस्टॅट गरम पाण्यात तपासा. बदलायचा तर पुस्तकात दिलेल्या आकड्याचाच.
५. तरीही गरम होत असेल तर वॉटर पंप, हेड गॅस्केट आणि डिझेल पंप जाणत्या फिटरकडून पाहून घ्या.

दोन गोष्टी जिवाच्या. गरम इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. आणि काढलेलं कूलंट गोठ्याजवळ सांडू नका. ते गोड लागतं, पण विषारी आहे. कुत्रं किंवा वासरू चाटलं तर जीव जाऊ शकतो. तपासणीचं भगुणंही परत चुलीवर नको.

तुमच्या ट्रॅक्टरच्या थर्मोस्टॅटवर कोणता आकडा आहे, आणि रेडिएटरमध्ये कोणतं पाणी घालता, तेवढं पाहून सांगा.