सेवाग्रामच्या इंग्रजी बाई

नागपूरहून वर्ध्याकडे येताना वाटेत केळझर लागते. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, या लोकश्रद्धेमुळे गाव पंचक्रोशीत प्रसिद्ध. तेथे थांबलो की कापसाचे बोलणे आटोपते आणि कुणीतरी हळूच विचारतो, "फादरजी, पोराले इंग्लिश मीडियममंधी टाकतो म्हणतो. तुमचा शब्द पडन काय?" पांढरा झगा आणि इंग्रजी यांचे नाते लोकांनी केव्हाच पक्के करून टाकले आहे. त्यांना दोष तरी कसा द्यावा? मिशनच्या शाळांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले.

अशा वेळी मला एका इंग्रजी शिक्षिकेचे नाव आठवते. केळझरपासून फार दूर नसलेल्या सेवाग्रामात तिने आयुष्याची दहा वर्षे वेचली.

मार्जरी साइक्स यांचा जन्म १९०५ साली इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात इंग्रजीचे शिक्षण घेऊन १९२८ साली त्या मद्रासला बेंटिंक मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या व पुढे तेथेच मुख्याध्यापिका झाल्या. परदेशी शिक्षिकेला आपल्या बंगल्यात, आपल्या माणसांत, आपल्या भाषेत सुखाने राहता येई, असा तो काळ होता. बाई तमिळ शिकल्या. १९३९ साली त्या रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात गेल्या, तेथे इंग्रजी शिकवता शिकवता बंगाली शिकल्या, आणि इतक्या की रवींद्रनाथांची नाटके त्यांनी इंग्रजीत आणली. दीनबंधू अँड्र्यूज यांचे चरित्र त्यांनी बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह लिहिले. शिकवावी एक भाषा आणि त्या मोबदल्यात शिकाव्यात दोन, असा हा उफराटा व्यवहार! आपल्या वाचकांना येथे फादर स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाहीत. तेही इंग्लंडचेच. १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली त्यांचे मराठी क्रिस्तपुराण छापून निघाले.

साइक्सबाई आपल्या पंथाच्या नव्हेत. भारतात आल्यावर त्या क्वेकर झाल्या. या मंडळींच्या उपासनेत वेदी नाही, धर्मगुरू नाही. सारे शांत बसून राहतात. आम्हां प्रवचनकारांना ते जरा जडच!

गांधीजींच्या निधनानंतर बाई सेवाग्रामच्या नई तालीममध्ये शिक्षक घडविण्यासाठी आल्या. तेथील कारभार आशादेवी आणि आर्यनायकम्‌ या दांपत्याकडे होता. १९३७ सालच्या वर्धा परिषदेतून निघालेली ही योजना अशी होती : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, हातउद्योगाच्या द्वारे, मातृभाषेतून. या सात वर्षांत इंग्रजीला जागा नव्हती. म्हणजे केंब्रिजची इंग्रजीची पदवीधर अशा ठिकाणी आली, जेथे तिचा मूळ विषय शिकवायचाच नव्हता.

मग दिवसभर करायचे काय? सूतकताई, शेती, स्वयंपाक, सफाई. हे सारे शाळेबाहेरचे काम नव्हे, हाच अभ्यास. टकळीवरच्या सुताचे तार मोजताना गणित यावे, कापसाच्या बोंडातून भूगोल निघावा, संडासाच्या सफाईतून आरोग्यशास्त्र. वैशाखात वर्ध्याची भूमी तव्यासारखी तापते, हे तेथे राहिलेल्यालाच कळेल. यॉर्कशरच्या बाईंनी असे किती उन्हाळे काढले! १९५९ साली त्या निलगिरीतील कोटगिरीला राहावयास गेल्या.

मी सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान इंग्रजीतून शिकलो. वर्गात उत्तर ठाऊक असूनही मान खाली घालून बसणारी खेड्यातली मुले माझ्या बाकावर होती. संध्याकाळी मैदानावर तीच मुले असे काही बोलत की हसता हसता पुरेवाट होई. इंग्रजी येत नाही एवढ्यावरून त्यांना मंद ठरविले गेल्याचे मी पाहिले आहे. म्हणून साइक्सबाईंचा मार्ग मला पटतो. मात्र केळझरच्या बापाला तो जसाच्या तसा सांगण्याचे धाडस मला होत नाही. इंग्रजी वगळण्याची चैन पोट भरलेल्याला परवडते, असे तो मनात म्हणेल, आणि त्याचे अगदीच चुकले असे मला म्हणता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणले, तेही अशाच बापांच्या रेट्यामुळे, असे मला वाटते.

तरी मी त्याला एवढे विचारतो, घरी रात्री पोराशी अभ्यासाचे कोण बोलणार? बाप मराठी शिकलेला, आई चौथी पास. मराठी शाळेत पोराने वाचलेला धडा आईला निदान ऐकता तरी येतो. चूल फुंकता फुंकता ती एखादा प्रश्नही विचारते. त्याच शाळेत इंग्रजी हा विषय नीट शिकविणारा शिक्षक मिळाला, तर बिघडते कुठे? सेवाग्रामात २००५ साली पुन्हा सुरू झालेली आनंद निकेतन शाळा मराठी माध्यमाचीच आहे. काही जण ऐकतात. बरेच जण मान डोलावतात आणि पुढच्या जूनमध्ये पोराला टाय बांधून बसमध्ये बसवतात.

साइक्सबाई उतारवयात इंग्लंडला परतल्या आणि १९९५ साली निवर्तल्या. त्याआधी १९८८ साली त्यांनी नई तालीमची हकिगत सांगणारे एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ते इंग्रजीत आहे.