मेणबत्तीचा धूर

आधी दिसतो तो धूर. रिकाम्या फरशीवर एक जाडजूड मेणबत्ती आडवी पडली आहे, आत्ताच विझवून टाकलेली. जवळच राजदंड. तो कुणीच उचललेला नाही.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ज्याँ-पोल लोरांसच्या या चित्रासमोर उभी राहिले, तेव्हा राजाकडे माझं लक्ष नंतर गेलं. सिंहासनावर रोबेर दुसरा, फ्रान्सचा राजा. लोक त्याला ‘धर्मनिष्ठ’ म्हणत. त्याला बिलगून राणी बेर्त. बहिष्कार उच्चारून धर्मगुरू दारातून बाहेर चालले आहेत. त्यांची गर्जना लोरांसनं रंगवली नाही. रंगवली ती गर्जनेनंतरची शांतता.

दोघांचा अपराध नात्याचा. त्याच्या वडिलांची आई आणि तिच्या आईची आई सख्ख्या बहिणी. शिवाय तो तिच्या एका मुलाचा धर्मपिता. ९९६ मध्ये बेर्त विधवा झाली आणि लवकरच रोबेरनं तिच्याशी लग्न केलं. पोप पाचव्या ग्रेगरीच्या धर्मसभेनं फर्मावलं: वेगळे व्हा, सात वर्षं प्रायश्चित्त घ्या, नाहीतर बहिष्कार. बहिष्काराच्या वेळी मेणबत्ती विझवण्याचा हा सोहळा मात्र त्या काळच्या कागदांत सापडत नाही. तो दंतकथेतून आला. काही दशकांनी पीटर डेमियन या धर्मपंडितानं लिहिलं की सगळ्यांनी राजाला सोडलं, दोनच नोकर उरले, आणि राजा ज्या भांड्यांत जेवे ती भांडी तेही विस्तवात टाकत. हे वाचताना अंगावर काटा आला. वाळीत टाकणं, विटाळ हे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्यात मी वाढले. त्या विस्तवाचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

लोरांस कट्टर प्रजासत्ताकवादी, धर्मसत्तेचा विरोधक. चित्र १८७५ चं. त्याच वर्षी मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चची पायाभरणी झाली; देशात चर्चचा हात कुठवर पोचावा यावर फ्रान्स तेव्हा हमरीतुमरीवर आला होता. चित्रकाराला आरोप करायचा होता, यात मला शंका नाही. पण नुसत्या रागानं ही फरशी एवढी रिकामी ठेवता आली नसती. जवळजवळ सव्वादोन मीटर रुंदीच्या कॅनव्हासवर सगळ्यांत मोलाची जागा त्यानं कुणालाच दिली नाही. माणसं निघून गेल्यावर घर किती मोठं वाटतं, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे रोबेरनं बेर्तला सोडलं आणि काँस्तांसशी लग्न केलं. मुलं झाली, गादीला वारस मिळाला. तरी काही वर्षांनी तो रोमला गेला तेव्हा बेर्तही मागोमाग गेली, राणीपण परत मिळेल या आशेनं. सांसच्या ओदोरानुस नावाच्या साधूनं हे लिहून ठेवलं आहे. मिळालं काहीच नाही. त्या वाटेवरच्या बेर्तचं चित्र कुणी काढायला हवं होतं.

संग्रहालय बंद व्हायची वेळ झाली. माणसं दाराकडे सरकू लागली. त्या दोघांकडे पाठ करून निघणं मला जड गेलं. चार पावलं मी उलटीच चालत गेले.