मागचं सगळं उडालं!

आजीच्या मागे समोरच्या इमारतीचे पाइप होते, एसीचे डबे होते, केबलच्या लोंबणाऱ्या तारा होत्या, दोरीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या. फोटोत यातलं काही म्हणजे काही नव्हतं! गॅलरीत मोगरा ओवत बसलेली आजी, तिच्या चष्म्याच्या काचेवरचा बारीक ओरखडा, बोटातली सुई आणि मागे नुसता हिरवट-निळा रंग. मी कॅमेऱ्याची स्क्रीन तिच्यापुढे धरली. ती म्हणाली, "अगं, जोशीणबाईंच्या साड्या कुठे गेल्या?"

मामेभावाने ५० एमएम एफ/१.८ लेन्स दोन दिवसांसाठी दिली होती. ही लेन्स म्हणजे फोटोवाल्यांची लाडकी 'निफ्टी फिफ्टी'. वजनाला हलकी, झूम नाही, दिसायला खेळण्यातली वाटावी अशी. "अपर्चर १.८ वर ठेव, फोकस डोळ्यावर घे, बाकी काही विचारू नकोस," एवढंच तो म्हणाला. मी अर्थातच सगळं विचारलं! आणि जे कळलं त्याने रात्री झोप येईना.

हा एफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे हो! लेन्सच्या फोकल लेंग्थला त्या आकड्याने भागा, समोरून दिसणाऱ्या भोकाचा व्यास मिळतो. ५० भागिले १.८, म्हणजे जवळजवळ २८ मिलिमीटर. माझी किट लेन्स ५५ एमएमवर एफ/५.६ च्या खाली उतरत नाही, म्हणजे भोक जेमतेम १० मिलिमीटरचं. आजी चौकटीत तेवढीच मोठी दिसत असेल आणि मागचं दृश्य खूप लांब असेल, तर मागचा एकेक ठिपका किती पसरणार हे या भोकावर ठरतं. जवळपास तिप्पट फरक! फोनचं भोक तर काही मिलिमीटरचंच, त्यामुळे पोर्ट्रेट मोडला पुढचं काय नि मागचं काय याचा हिशेब करून ब्लर वरून चढवावा लागतो. म्हणूनच तो कधी केसांच्या बटा खातो, कधी चष्म्याची काडी गिळतो. लेन्सला असला हिशेब करावाच लागत नाही, तिथे प्रकाशच तसा येतो.

मग मी वेड्यासारखी भागाकार करत सुटले. ८५ एमएम एफ/१.८: ४७ मिलिमीटर. लग्नाचे फोटोग्राफर तिच्यावर का जीव टाकतात ते समजलं. पण थांबा, ५५-२५० ची साधी झूम, २५० वर, एफ/५.६: ४५ मिलिमीटर! म्हणजे जी झूम लोक 'पक्ष्यांसाठी' म्हणून घेतात आणि मग कपाटात ठेवतात, ती लांबच्या बॅकग्राउंडला जवळजवळ तेवढीच उडवते. मात्र माणसापासून भरपूर मागे सरकायला हवं, आणि त्याच्या मागेही मोकळी जागा हवी. स्टॅन्ली कुब्रिकने १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग टिपायला झाइसच्या ५० एमएम एफ/०.७ लेन्स वापरल्या होत्या, मुळात नासासाठी बनवलेल्या. करा भागाकार. एकाहत्तर मिलिमीटर!

दुसऱ्या संध्याकाळी मी लक्ष्मी रोडवर. दिवाळीच्या माळा लागलेल्या, गर्दी मरणाची. बहिणीला फुटपाथच्या कडेला उभं केलं, मी जवळ सरकले, आणि तिच्या मागचे दिवे फुगून लाडवाएवढे झाले! पिवळे, लाल, हिरवे, एकमेकांवर चढलेले. मधोमधचे अगदी गोल, चौकटीच्या कडेचे मात्र लंबगोल, कारण तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा थोडा भाग लेन्सची नळीच अडवते. अपर्चर एफ/४ वर नेलं की गोलाला कोपरे फुटतात. अपर्चरची पाती पाच असतील तर पंचकोन, सात असतील तर जरा बरा आकार. बहीण कंटाळून चाट खायला निघून गेली, मी दिव्यांचेच फोटो काढत उभी.

फोकसचे मात्र लाड चालत नाहीत. माझ्या कॅमेऱ्यावर, एक मीटर अंतरावरून, एफ/१.८ ला सुस्पष्ट पट्टा असतो फार तर अडीच सेंटीमीटरचा. डोळा लख्ख, कान गायब. दोघांचा फोटो असेल तर एफ/४ च बरा, आणि उगाच सगळीकडे १.८ लावून फिरणाऱ्यांचे फोटो मला आत्ताच, दोन दिवसांच्या अनुभवावर, कंटाळवाणे वाटू लागले आहेत!

लेन्स परत गेली. तुमच्याकडेही किट लेन्सच असेल तर आज संध्याकाळी एवढं करा: झूम ५५ वर, एफचा आकडा असेल तितका लहान, घरातल्या कुणालातरी भिंतीपासून ओढून गच्चीच्या मधोमध आणा, छातीपर्यंतच चौकटीत घ्या आणि मागे शक्य तितके लांबचे दिवे येऊ द्या. मागचं उडतं. मी करून पाहिलंय.