बोईसरची मॉनिटर-मोहीम

मॉनिटर म्हटलं की आम्हाला शाळेत एकच प्राणी आठवायचा. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा! पण परवा पालघरला ताईकडे गेलो, तर तिथे वेगळ्याच मॉनिटरवरून रण पेटलेलं. संगणकाचा जुना पडदा बंद पडला होता आणि नवा एकच येणार होता.

"मामा, मला १४४ हर्ट्झचा हवा," नववीतले भाचेबुवा म्हणाले. "गाड्यांच्या शर्यतीत वळण दिसेपर्यंत मी झाडावर आपटलेला असतो!"

"मला फोर-के हवा," सहावीतली भाची म्हणाली. ती संगणकावर वारली चित्रं काढते. "माझ्या ठिपक्यांना पायऱ्या दिसतात."

दोन्ही गुण असलेला पडदा भावोजींच्या ओव्हरटाइमच्या पैशांत बसणारा नव्हता. ते बोईसरच्या एमआयडीसीत लेथवर काम करतात. सकाळी निघताना ते एवढंच म्हणाले होते, "तीनला पाळी सुटली की बोईसर स्टेशनवर भेटू. दोघांनी मिळून एकच काय ते ठरवा. भांडण झालं, तर पैसे पुन्हा बँकेत."

झालं! निघाली आमची वरात.

स्टेशनच्या वाटेवर एका शाळेच्या कुंपणावर वारली चित्र होतं. भाची तिथे थांबलीच. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड तयार, वर एक गोल, चार काड्या, की झाला माणूस! तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चघळून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर ही कला आपल्या या भागात पिढ्यान् पिढ्या चालत आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"मामा, काडी जाड असेल तर माशांचं जाळं काढताच येणार नाही," भाची म्हणाली. "सगळी गिचमिड होईल."

दोस्तांनो, हेच ते रिझोल्यूशन! पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची भिंत. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. करा गुणाकार : २० लाख ७३ हजार ६००. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, बरोबर चौपट! ठिपके जास्त तितकी काडी बारीक. मात्र पडदा मोठा आणि ठिपके तेवढेच असतील, तर प्रत्येक ठिपका जाड होतो. म्हणून २४ इंचांवर छान दिसणारं फुल एचडी २७ इंचांवर जवळून भरड वाटतं.

पालघरहून डहाणूकडे जाणारी लोकल मिळाली. भाचेबुवांनी खिडकी पटकावली. आता पाळी हर्ट्झची! मी म्हटलं, "बाहेरच्या विजेच्या खांबांकडे बघ आणि डोळे मिचकाव. आधी सावकाश, मग भराभर."

"अरेच्चा! सावकाश मिचकावलं की खांब उडी मारतो. भराभर मिचकावलं की उडी लहान होते!"

पडद्याचंही असंच आहे. तो सलग हलणारं चित्र दाखवतच नाही. एकामागून एक स्थिर चित्रं दाखवतो. सेकंदाला किती, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट, आणि तो मोजायचा हर्ट्झमध्ये. समजा, गाडी ताशी ९० किलोमीटरने धावतेय. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ६० हर्ट्झच्या पडद्यावर तिची प्रत्येक उडी सुमारे ४२ सेंटिमीटरची, तर १४४ हर्ट्झवर फक्त १७ सेंटिमीटरची. भाचेबुवांचं झाड थोडं आधी दिसणार ते असं!

उमरोळी मागे पडलं आणि बोईसर आलं. स्टेशनबाहेर पाळी सुटलेल्यांची गर्दी, रिक्षावाल्यांच्या हाका. त्या गर्दीतून डबा हातात घेतलेले भावोजी आले. चालता चालता आमची गोष्ट ऐकून म्हणाले, "हर्ट्झ आम्हाला नका शिकवू! आम्ही तारापूरच्या शेजारी राहतो."

खरंच की! बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. देशातलं पहिलं, १९६९ साली सुरू झालेलं. तिथे अणूंच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते आणि वीज तयार होते. आपल्या देशातली ही वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे हेलकावते. म्हणजे ५० हर्ट्झ. जुनी ट्यूबलाइट प्रत्येक हेलकाव्यात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला मात्र ती सतत लागलेली वाटते.

"त्यात एक धोका होता," भावोजी म्हणाले. "लेथचा वेग आणि ट्यूबचं लुकलुकणं नेमकं जुळलं, की फिरणारा लेथ थांबल्यासारखा दिसायचा! हात घातला की संपलं. म्हणून लेथवर वेगळा साधा बल्ब लावायचे. त्याची तार तापलेली राहते, मध्येच विझत नाही."

भाचेबुवांच्या अंगावर काटाच आला. पूर्वीच्या दूरदर्शन संचाचा ठेकाही याच ५० चा होता. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथला टीव्ही ६० चा, आणि संगणकाच्या पडद्यांनाही तोच ६० चा आकडा चिकटला.

दुकानात तीन पडदे शेजारी-शेजारी लावलेले होते : फुल एचडी १४४ हर्ट्झ, फोर-के ६० हर्ट्झ आणि मधला, २७ इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा, १०० हर्ट्झचा. भाचीने पेन ड्राइव्हमधलं आपलं चित्र तिन्हींवर लावायला सांगितलं. फोर-केवर तिचं जाळं अगदी कोरल्यासारखं दिसलं.

भावोजींनी एकच प्रश्न विचारला, "भिंत आणली, पण रंगारी कोण?"

दोघंही गप्प. रंगारी म्हणजे संगणकातलं ग्राफिक्स कार्ड. खेळताना प्रत्येक नवं चित्र त्यालाच रंगवावं लागतं. फोर-के, सेकंदाला ६० वेळा म्हणजे जवळजवळ ५० कोटी ठिपके. फुल एचडी, १४४ वेळा म्हणजे सुमारे ३० कोटी. मधला पडदा, १०० वेळा म्हणजे सुमारे ३७ कोटी. घरचं कार्ड चार वर्षांचं. ते मागे पडलं, तर पडदा बिचारा जुनंच चित्र पुन्हा दाखवत बसतो. स्थिर चित्राला मात्र रंगाऱ्याची एवढी दमछाक होत नाही.

भाचेबुवांनी १४४ वाल्याचा माऊस हातात घेतला, बाण गरागरा फिरवला आणि पुसटसे किती बाण दिसतात ते बघितलं. मग मधल्यावर तेच केलं. मग बहिणीचं चित्र पुन्हा एकदा फुल एचडीवर जवळून पाहिलं.

"हिच्या ठिपक्यांना खरंच पायऱ्या दिसतात," तो म्हणाला. "मधला घेऊया. माझी उडी २५ सेंटिमीटरची होईल. चालेल मला. खेळताना ठिपके थोडे कमी ठेवीन, म्हणजे कार्ड दमणार नाही."

भाचीने फोर-केकडे एकदा बघून घेतलं आणि मान डोलावली. भावोजी काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त डबा माझ्या हातात दिला आणि खोकं स्वतः उचललं.

घरी पडदा लागला, पण बाण काही जास्त दिसेनात. सेटिंग उघडून पाहिलं, तर आकडा ६० वरच! तो १०० करायला आपणच सांगावं लागतं. मुलांनो, तुमच्याकडे वेगवान पडदा असेल, तर आजच तपासा. कित्येक घरी तो नुसताच आरामात बसलेला असतो.

आकडा बदलला, भाचेबुवांनी पहिली शर्यत सुरू केली, वळण आलं, झाड दिसलं, आणि... लाइट गेली! तारापूर हाकेच्या अंतरावर आणि घरात काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

"आता लाइट आली की पहिला नंबर माझा," अंधारातून भाचीचा आवाज आला.